गाजरातले किती आणि पपईतले किती अंगी लागते?

डोळ्यांसाठी काय खावे असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात: गाजर आणि पपई. दोन्हींचा रंग पाहून त्यांना एकाच पंगतीत बसवले जाते. प्रत्यक्षात १०० ग्रॅम कच्च्या नारिंगी गाजरात सुमारे ८,२८५ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर डोळ्यांना लागणारे ‘अ’ जीवनसत्त्व बनवते ते रंगद्रव्य) असते आणि तेवढ्याच पिकलेल्या पपईत अवघे २७४. फरक तीसपट आहे. हे आणि पुढचे पोषणाचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकातले आहेत. वाण, जमीन आणि फळ किती पिकले आहे यानुसार ते मागेपुढे होतात, पण एवढी दरी बुजत नाही.

मग पपई इतकी रंगदार कशी? नंदुरबार, शहादा भागातून येणारी ‘तैवान ७८६’ जातीची पपई कापली की लालसर गर दिसतो. ती लाली लायकोपीन या दुसऱ्या रंगद्रव्याची, आणि लायकोपीनपासून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येत नाही. पिवळ्या गराच्या पपईत लायकोपीन जवळजवळ नसतेच. त्यामुळे गर जास्त लाल म्हणजे डोळ्यांना जास्त चांगला, हा हिशेब चुकीचा आहे. हिवाळ्यात येणाऱ्या लाल गाजरांनाही हेच लागू पडते. त्यांच्या लालीत लायकोपीनचा मोठा वाटा असतो, म्हणून वरचा ८,२८५ चा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नये.

कॅरोटीन पोटात गेले की त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व कसे मोजतात, तेही पाहण्यासारखे आहे. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व धरतात. अल्फा-कॅरोटीन आणि बीटा-क्रिप्टोझँथिन या त्याच्याच जातकुळीतल्या रंगद्रव्यांसाठी हे प्रमाण २४ ला १ असते. गाजराच्या ८,२८५ ला १२ ने भागले की ६९० येतात. त्यातल्या ३,४७७ मायक्रोग्रॅम अल्फा-कॅरोटीनचे आणखी १४५. एकूण ८३५. पपईत बीटा-कॅरोटीनचे २३ आणि ५८९ मायक्रोग्रॅम क्रिप्टोझँथिनचे साधारण २४, म्हणजे जेमतेम ४७. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज ८४० आणि पुरुषाला १,००० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ६० ग्रॅमचे एक मध्यम गाजर त्यातले सुमारे ५०० देऊ शकते.

‘देऊ शकते’ असेच म्हणायला हवे, कारण १२ ला १ ही सरासरी आहे. गाजरातले कॅरोटीन पेशींच्या आत घट्ट स्फटिकांच्या रूपात बसलेले असते आणि त्याभोवती कडक पेशीभित्तिका असते. पपईत ते बरेचसे द्रव-स्फटिक अवस्थेत असते आणि गरही मऊ, त्यामुळे ते सहज सुटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना गाजर, टोमॅटो आणि पपई खायला देऊन रक्त तपासले, तेव्हा पपईतले बीटा-कॅरोटीन गाजरापेक्षा सुमारे तिप्पट शोषले गेल्याचे दिसले. तिप्पट धरूनही पपई गाजराला गाठत नाही. पण यातून गाजर कसे खाऊ नये हे नेमके कळते: मोठे तुकडे करून, घाईत, नुसतेच.

कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. ते शोषले जायला एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्निग्धांश पुरतो. आपली गाजराची कोशिंबीर या कसोटीवर चोख उतरते. बारीक किसल्याने पेशी फुटतात, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट (सुमारे १५ ग्रॅम) ७ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश देतो आणि वरून तेलाची फोडणी पडतेच. ‘हलका आहार’ म्हणून कूट आणि फोडणी दोन्ही गाळली, तर गाजराचा मुख्य फायदाच बराचसा वाया जातो. शिजवलेले गाजरही उत्तम. वाफेने पेशीभित्तिका सैल होते आणि कॅरोटीन पाण्यात उतरून जात नाही.

रसाचे मात्र जपून करावे. गाळून घेतलेल्या रसामागे जो चोथा उरतो, त्यात तंतू तर असतातच, शिवाय न फुटलेल्या पेशींतले कॅरोटीनही असते. तो टाकू नये, थालिपिठाच्या पिठात मळावा. रोज पेला-दोन पेले रस घेणाऱ्यांचे तळहात-तळपाय पिवळसर होतात तेव्हा काविळीची भीती वाटते. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, कॅरोटीनमुळे तो पांढराच राहतो. गाजर कमी केले की रंग काही आठवड्यांत उतरतो. डोळे पिवळे दिसत असतील तर मात्र डॉक्टरांना गाठावे.

पपईचे खरे बळ ‘क’ जीवनसत्त्वात आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ६१ मिलिग्रॅम, तर गाजरात ६. दीडशे ग्रॅम फोडी खाल्ल्या की ९० मिलिग्रॅम होतात, आणि प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० ची आहे. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी यांतले लोह सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते बरेच जास्त शोषले जाते. म्हणून फळ रिकाम्या पोटीच खावे हा आग्रह इथे नुकसानीचा ठरतो. पपई ताटातच वाढावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहातले टॅनिन लोह अडवते. फोडी जेवायच्या वेळीच कराव्यात. तासन्‌तास उघड्या ठेवल्या तर रस गळतो आणि हवेने ‘क’ जीवनसत्त्व घटते.

‘गाजर गोड, मधुमेहींनी टाळावे’ हेही पुष्कळ ऐकू येते. १०० ग्रॅम गाजरात साखर ४.७ ग्रॅम आणि पपईत ७.८. ६० ग्रॅमच्या गाजरातून जेमतेम ३ ग्रॅम साखर जाते, दीडशे ग्रॅम पपईतून सुमारे १२. गाजर हलव्याचा हिशेब अर्थातच वेगळा. तुपामुळे कॅरोटीन छान शोषले जाते, पण वरून घातलेली साखर गाजराची नव्हे.

आणखी एक काळजी दोन्ही एकदम घरी आणणाऱ्यांसाठी. पिकणारी पपई इथिलीन वायू सोडते. त्या वायूत गाजर राहिले की त्यात कडवट द्रव्य तयार होते आणि मग ‘या वेळची गाजरे कडू निघाली’ असा दोष भाजीवाल्याला लागतो. गाजरांचा पाला आणल्याबरोबर काढावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो. मग ती कोरडी करून पिशवीत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. पपई बाहेर ओट्यावर पिकू द्यावी आणि कापल्यावरच झाकणाच्या डब्यात, गाजरांपासून दूर ठेवावी.