नेरूळला न खेळलेला यामाल
नेरूळ, वाशी किंवा खारघरच्या टर्फवर संध्याकाळी खेळायला येणाऱ्या मुलांच्या पाठीवर पूर्वी बहुधा मेस्सी किंवा रोनाल्डोचे नाव असे. आता त्यांच्या जोडीला स्पेनचा तरुण फुटबॉलपटू लामिन यामाल याचे नावही दिसू लागले आहे.

यामालचा जन्म १३ जुलै २००७ रोजी बार्सिलोनालगतच्या एस्प्लुगेस दे योब्रेगात या गावी झाला. वडील मूळचे मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. आईवडील विभक्त झाल्यावर त्याचे लहानपण काही आईकडे ग्रानोयेर्सला, तर काही वडिलांकडच्या माणसांत, मातारो शहरातील रोकाफोंडा या वस्तीत गेले. रोकाफोंडा ही बाहेरून पोटापाण्यासाठी आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ हा आकडा दाखवतो, ते तिथल्या ०८३०४ या पिनकोडचे शेवटचे तीन अंक होत. (सेक्टरच्या आकड्यानेच पत्ता सांगणाऱ्या नवी मुंबईकराला यात नवल वाटू नये.)

सातव्या वर्षी तो बार्सिलोना क्लबच्या ला मासिया या फुटबॉल अकादमीत दाखल झाला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी, अवघ्या १५ वर्षे २९० दिवसांचा असताना, रेआल बेतिस या क्लबविरुद्ध बार्सिलोनाच्या मुख्य संघातून मैदानात उतरला. मोरोक्कोकडून खेळण्याचा मार्ग मोकळा असूनही त्याने स्पेनची निवड केली. तरीही आपल्याकडे त्याचे नाव खऱ्या अर्थाने पसरले ते युरो २०२४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेत. फ्रान्सविरुद्धचा उपांत्य सामना भारतात मध्यरात्री साडेबारानंतर सुरू झाला आणि त्यात पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने वळवलेल्या त्याच्या फटक्याने तो १६ वर्षे ३६२ दिवसांचा, युरो स्पर्धेतील सर्वांत लहान गोलकर्ता ठरला. त्याच सुमारास २००७ मधील एक छायाचित्र सर्वत्र फिरले: एका दिनदर्शिकेसाठी तरुण मेस्सी टबातल्या तान्ह्या यामालला आंघोळ घालतो आहे. मेस्सीवर जीव टाकणाऱ्यांना वारस मिळाला. २०२५ मध्ये बार्सिलोनातली, एकेकाळी मेस्सीची असलेली दहा नंबरची जर्सीही त्याच्याकडे आली. त्याच्या लोकप्रियतेत खेळाइतकाच या वारशाचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

तसे मानायला नवी मुंबईतच आधार सापडतो. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. त्यातला तिसरा गोल फेरान तोरेसचा होता, आणि हाच फेरान पुढे बार्सिलोनात यामालचा सहकारी झाला. नवी मुंबईकरांनी ज्याला डोळ्यांदेखत गोल करताना पाहिले, त्याच्या नावाची जर्सी इथे क्वचितच दिसते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात होता. पण भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाल्याने त्याला इथल्या मुलांनी टीव्हीवरच पाहिले, आणि त्याचे नाव पाठीवर मिरवणारा मुलगा टर्फवर मला तरी अजून भेटलेला नाही.