मिक्सर ट्रकला काय माहीत असतं?

‘१२ तारखेला पावसामुळे स्लॅबचं काम बंद होतं,’ ठेकेदार म्हणतो. ‘पाऊस नव्हता, तुमची माणसंच आली नाहीत,’ मालक म्हणतो. साइटची डायरी दोघांकडे आहे आणि दोन्हींत वेगवेगळं लिहिलंय. (महिनाभराची डायरी एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्याचंही पुष्कळदा दिसतं.)

अशा वेळी शोधावीत ती यंत्रं, ज्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नाही. आरएमसी प्लांटचा (तयार काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्याचा) संगणक प्रत्येक बॅचमधलं सिमेंट, वाळू, खडी, पाणी वेळेसकट नोंदवतो. ट्रकवरचा जीपीएस गाडी कुठे, किती वेळ उभी होती ते सांगतो. गेटवर बायोमेट्रिक हजेरी असते, सीसीटीव्ही असतो. मात्र त्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढवतो. पावसासाठी हवामान खात्याचा पर्जन्यमापक आहेच, पण तो जपून वापरावा. सिंहगड रस्त्यावर धो धो आणि हडपसर कोरडं, हे पुणेकरांना नवं नाही.

फोटोंचं दुखणं वेगळं. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते. साइटच्या ग्रुपवर हजार फोटो असूनही हाती फारसं लागत नाही, ते यामुळे. वेळापत्रकाचंही तसंच. पीडीएफमध्ये नुसत्या पट्ट्या दिसतात. कुठलं काम कशावर अडलं होतं ते कळायला प्रिमावेरा या वेळापत्रक आखण्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल लागते, तीही दर महिन्याची वेगळी.

शिवाय यंत्राचं घड्याळही चुकतं. डीव्हीआर वीस मिनिटं मागे असेल, तर काँक्रीट प्लांटमधून निघण्याआधीच साइटवर पोचलेलं दिसेल! म्हणून नोंद उतरवून घेताना यंत्रातली वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवतात.

पुढचा प्रश्न कायद्याचा: यंत्रातली नोंद कोर्टात पुरावा म्हणून कधी चालते? २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी ३च्या आत आला की नंतर, या वादात निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं; अधिकारी त्याचं प्रमाणपत्र देईनात. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नाही तर तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बचं, म्हणजे नोंद कुठल्या यंत्रातून कशी घेतली ते सांगणारं, प्रमाणपत्र हवंच. सगळी खटपट करूनही ते मिळालं नाही, तरच सूट. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा: एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो.

लवादाला (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचांना) पुराव्याचा कायदा काटेकोरपणे बांधून ठेवत नाही, तरी नोंद कुणाच्या यंत्रातून आली हे तिथेही विचारतातच. बॅचची नोंद प्लांटवाल्याकडे, जीपीएसची ट्रकमालकाकडे, आणि फोटो काम सोडून गेलेल्या सुपरवायझरच्या जुन्या फोनमध्ये.