सेक थीटाचं इंटिग्रेशन: आधी उत्तर, मग रीत
बारावीच्या वर्गात फळ्यावर सेक थीटाचं, म्हणजे एक भागिले कॉस थीटाचं, इंटिग्रल येतं. सर अंश-छेदाला 'सेक थीटा अधिक टॅन थीटा'ने गुणतात, छेदाला टी मानतात, अंशात नेमकं त्याचंच डेरिव्हेटिव्ह उभं राहतं आणि दोन ओळींत उत्तर: लॉग ऑफ सेक थीटा अधिक टॅन थीटा, अधिक सी. "पण सर, यानेच गुणायचं हे सुचलं कसं?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. कारण इथे उत्तर आधी हाती आलं, तेही दर्यावर्दींच्या गरजेतून.

१५६९ साली गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने जगाचा नकाशा काढला. त्यावर आखलेली सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा. पृथ्वीवर अक्षवृत्तं ध्रुवांकडे कॉस थीटाच्या प्रमाणात लहान होत जातात. या नकाशात मात्र सगळी सारख्या लांबीची. म्हणजे थीटा अक्षांशावर नकाशा आडवा सेक थीटा पट ताणला जातो, ६० अंशांवर बरोबर दुप्पट. दिशा बिघडू द्यायची नसेल तर उभाही तेवढाच ताणायला हवा. मग एखादं अक्षवृत्त विषुववृत्तापासून किती वर काढायचं? वाटेतल्या सगळ्या सेकंटची बेरीज करून, म्हणजे आजच्या भाषेत सेक थीटाचं इंटिग्रल काढून. एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने अंशाचा साठावा भाग एवढ्या बारीक टप्प्यांनी ही बेरीज हाताने केली आणि १५९९ मध्ये कोष्टक छापलं. कॅल्क्युलस उभारणारा न्यूटन तेव्हा जन्मलाही नव्हता आणि लॉगॅरिदमची कोष्टकंही अजून यायची होती.

ती आली, आणि १६४० च्या दशकात हेन्री बाँड या नौकानयनाच्या शिक्षकाला दिसलं, की राइटचे आकडे '४५ अंश अधिक थीटाचा निम्मा' या कोनाच्या लॉग टॅनशी जुळतात. दोन कोष्टकं शेजारी ठेवून लागलेला हा शोध! ('४५ अंश अधिक थीटाचा निम्मा' याचा टॅन म्हणजेच सेक थीटा अधिक टॅन थीटा, म्हणून हे फळ्यावरचंच उत्तर.) सिद्धता मात्र कुणाकडेच नव्हती. जेम्स ग्रेगरीने ती १६६८ मध्ये दिली, पण फार किचकट. १६७० मध्ये आयझॅक बॅरोने वाट मोकळी केली. त्याची मांडणी भूमितीची होती. आजच्या भाषेत सांगायचं तर सेक थीटा म्हणजे कॉस थीटा भागिले 'एक वजा साइन वर्ग थीटा'. साइन थीटाला टी मानलं की वरचा कॉस थीटा डी-थीटा आपोआप डी-टी होतो, आणि उरलेल्या अपूर्णांकाचे दोन सोपे तुकडे पडतात. माझ्या मते वर्गात आधी हीच रीत दाखवावी. इथे प्रत्येक पायरीला कारण आहे.

हे 'आपोआप' लिहिता येतं ते कॅल्क्युलसचा दुसरा जनक लायब्निट्झ याच्यामुळे. इंटिग्रलचं लांबट एस-सारखं चिन्ह आणि डी-एक्स, दोन्ही त्याच्या १६७५ च्या टिपणांतली. चल बदलला की डी-एक्सचाही हिशेब द्यावा लागतो, ही सबस्टिट्यूशनची सगळी शिस्त त्या खुणेतच आहे.

मोबाईलवर दिसणारे कितीतरी नकाशे आजही याच सूत्रावर चालतात. नकाशा चौरस बसावा म्हणून तो साधारण ८५.०५ अंशांवर कापतात: तिथे लॉग ऑफ सेक अधिक टॅनची किंमत 'पाय', म्हणजे सुमारे ३.१४१६ येते, आणि वर-खाली मिळून उंची नकाशाच्या रुंदीइतकीच, दोन पाय, होते.