मानसशास्त्रातील संशोधन व शास्त्रीय लेखन कौशल्ये : ग्रामीण विदर्भ

संशोधनप्रश्न नेमका मांडणे, योग्य साधन निवडणे, माहितीचे विश्लेषण करणे आणि हे सारे दुसऱ्या अभ्यासकाला तपासता येईल अशा रीतीने लिहिणे, या क्षमता मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून अपेक्षित असतात. विदर्भात हे शिक्षण प्रामुख्याने नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) व गोंडवाना (२०११) या विद्यापीठांतून आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतून मिळते.

सहज उपलब्ध होणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटून स्त्री-पुरुष फरक तपासण्याचे विषय लघुप्रबंधासाठी वारंवार निवडले जातात. वास्तविक तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शेतकरी कुटुंबांपर्यंत असलेली पोच हे त्याचे मोठे बळ आहे. तेथे साधनांची खरी कसोटी लागते. नैराश्याच्या तपासणीसाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांतील झोप, थकवा, भूक इत्यादींविषयी विचारते व ० ते २७ गुण देते. कापूसवेचणीच्या दिवसांत थकव्याच्या प्रश्नाला मिळालेले गुण नैराश्याचे की मजुरीचे, हे केवळ बेरजेवरून कळत नाही. उत्तरदात्याने प्रश्न स्वतः वाचले की विद्यार्थ्याने ते वऱ्हाडीत समजावून सांगितले, घरातील इतर माणसे जवळ होती का, माहिती कोणत्या महिन्यात घेतली, या बाबी ‘पद्धती’ प्रकरणात नोंदवल्या नाहीत, तर पुढील आकडेमोड कितीही अचूक असली तरी तिचा अर्थ लावता येत नाही. म्हणून अशा बाबी जागेवरच टिपून ठेवण्याची क्षेत्रवही हीच शास्त्रीय लेखनाची पहिली पायरी मानावी.

निष्कर्ष किती जोराने मांडावा, हे शिकण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा अभ्यास उपयुक्त आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. मात्र तुलनेसाठी नियंत्रित गट, म्हणजे कार्यक्रम न राबवलेला गट, नसल्याने संपूर्ण वाढ कार्यक्रमामुळेच झाली, असे ठामपणे म्हणता येत नाही. बदलाची नोंद आणि कारणाचा दावा यांतील हे अंतर विद्यार्थ्याच्या लेखनातही दिसले पाहिजे.

पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तो विचारण्यापूर्वी संमती व गोपनीयतेची व्यवस्था हवी आणि होकारार्थी उत्तर आल्यास व्यक्तीला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी किंवा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकाशी जोडून देण्याची तजवीज आधीच केलेली असावी. केवळ गुण नोंदवून घराबाहेर पडणे अक्षम्य आहे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड करीत नाहीत. तथापि शब्द बदलून टक्केवारी कमी करणे म्हणजे लेखन नव्हे. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंध वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवावा व त्यातील युक्तिवाद स्वतःच्या वाक्यांत, स्रोताच्या उल्लेखासह लिहून मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावा, हा सराव पहिल्या सत्रापासूनच सुरू होणे आवश्यक आहे.