सोलापुरी मंडळी आणि संजीवनाची जुनी वाट

दरवर्षी रब्बीची ज्वारी निघाली आणि ऊन चढू लागलं, की सोलापुरातल्या चर्चच्या फाटकांवर फलक लागतात. उपासप्रार्थना, संजीवन सभा (थंडावलेला विश्वास पुन्हा जागा व्हावा म्हणून घेतलेल्या), ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहाच्या भक्ती. तीन दिवस मांडव, बाहेरगावचे वक्ते, रात्री उशिरापर्यंत गाणी. लोक येतात, कारण घरोघरी काहीतरी चाललेलं असतं. कुणाचा मुलगा नोकरीवाचून बसलेला, कुणाच्या घरी डायलिसिस, कुणाचं माणूस कोरोनात गेलं ते अजून पचलेलं नाही. ‘प्रभू, आम्हाला पुन्हा जिवंत कर’ ही मागणी त्यातून येते आणि ती खरी असते. पण मांडव उतरला की चार दिवसांत सगळं पूर्वीसारखं झालं, ही कुजबुजही दरवर्षी कानावर येते. आपल्या भागात ही मागणी आधी कुणी केली, कोणत्या दिवसांत केली आणि पुढे काय झालं, हे त्यासाठी पाहण्यासारखं आहे.

संजीवनाची प्रार्थना बायबलात हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तू पूर्वी केलेलं काम आमच्या काळात पुन्हा जिवंत कर, असं तो देवाला विनवतो. सभांमधून हे वचन हमखास घेतलं जातं. त्याच अध्यायाचा शेवट मात्र कमी वेळा वाचला जातो. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तिथे म्हटलं आहे. रिकामा गोठा म्हणजे काय, हे माढा-सांगोल्याच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. ज्यानं चारा छावणीत जनावरं बांधली आहेत, त्याला हा अध्याय आपल्याच गावात लिहिल्यासारखा वाटतो.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं आणि १८६० च्या दशकात ते सोलापुरात आले. रेल्वे नुकतीच इथवर पोहोचली होती. इथली ख्रिस्ती मंडळी लहान होती, बहुतेक गरिबांची आणि गावकुसाबाहेरच्या लोकांची. ती नीट उभी राहते न राहते तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना त्याचा सर्वांत जबर तडाखा बसला, त्यांत सोलापूर होतं. लोक खडी फोडायला आणि तलावांच्या मातीकामावर गेले. मिशनऱ्यांनी धान्य वाटलं, अनाथ पोरं सांभाळली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, मधल्या प्लेगसकट, हेच पुन्हा घडलं.

इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. दुष्काळात आलेले लोक भाकरीसाठी आले, हा आरोप तेव्हाही होता, आजही होतो. काही जण भाकरीसाठी आले असतील. उपाशी माणसाने भाकरीकडे जाण्यात मला तरी लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पाऊस पडला, शेतं पिकली, धान्य वाटणं थांबलं, त्यानंतरही जे राहिले त्यांचा विश्वास कशावर टिकला? वाचायला शिकल्यावर, कीर्तनं ऐकल्यावर, बायबलबाई, म्हणजे घरोघरी बायबल सांगणारी बाई, दारात बसून गोष्टी सांगू लागल्यावर तो हळूहळू मुरला. एका हंगामात झालेलं ते काम नव्हतं.

संजीवनाच्या इतिहासात आपल्या भागातलं सर्वांत मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. पुण्याहून सोलापूरकडे येताना दौंडच्या आधी केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन, निराधार स्त्रियांचा आणि मुलींचा आश्रम, त्यांचं. रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळी भटकंतीत आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव काही वर्षांनी आला. संडे स्कूलच्या मुलांपासून म्हाताऱ्या सभासदांपर्यंत सगळ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपण जन्मानं मंडळीत असतो, नाव नोंदवहीत असतं, आणि तरी आत काहीच हललेलं नसतं. एवढ्या मोठ्या बाईला ते कबूल करायला संकोच वाटला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथल्या मुलींना घेऊन आल्या. १९०० नंतर मुक्तीत जवळपास दोन हजार स्त्रिया आणि मुली होत्या. तिथलं प्रसिद्ध संजीवन घडलं जून १९०५ मध्ये. त्याची वर्णनं करताना रडणाऱ्या, पापं कबूल करणाऱ्या, रात्रभर प्रार्थना करणाऱ्या मुलींबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. त्याआधीचे सहा महिने मात्र सहसा कुणी सांगत नाही. वर्षाच्या सुरुवातीला सत्तरएक जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. विहिरी खणणं, दळण, शिवण, माग, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सगळं त्याच वेळी चालू होतं. प्रार्थना करणाऱ्यांत दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी होत्या. त्यांच्या दुःखाला आधी भाकर, मग अक्षर, मग शब्द मिळाला होता. ते रडणं अचानक आभाळातून पडलेलं नव्हतं.

दुसरी वाट कवी नारायण वामन टिळकांची. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यामुळे त्यांचं घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे त्यांनीही श्रद्धेनं बाप्तिस्मा घेतला. टिळक म्हणत की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. इंग्रजी चालीवर बसवलेल्या गाण्यांत आपल्या आजीला रडता येत नव्हतं. ओवी-अभंगाच्या चालीत, टाळ-पेटीवर ते यायला लागलं. दुःखात देवाला ‘माउली’ म्हणून हाक मारणं मराठी माणसाच्या जिभेवर आधीच होतं. टिळकांनी ती हाक ख्रिस्ताला मारायला मंडळीला शिकवलं. मला तर वाटतं, आपल्याकडच्या विश्वासाला खोली आली ती मोठ्या भाषणांपेक्षा या चालींमुळे.

सोलापूरचं आणखी एक पान आहे, ते अभिमानानं उघडता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. सोलापुरातली अशी वसाहत सरकारनं अमेरिकन मराठी मिशनकडे चालवायला दिली होती. तिथले लोक गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थना होती आणि कुंपणही होतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते लोक कायद्यानं मुक्त झाले. शहरातला तो भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. सेवा करणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. पण ईस्टरआधी पश्चात्तापाचे चाळीस दिवस पाळणाऱ्या मंडळीनं आपल्या वडीलधाऱ्यांच्या हाती कुंपणाची किल्ली होती, हेही प्रार्थनेत म्हणायला हवं. पश्चात्ताप फक्त स्वतःच्या खाजगी पापांचा, असं हबक्कूकाला किंवा यिर्मया संदेष्ट्याला कधी वाटलं नाही.

नंतरचे धक्के अनेकांच्या आठवणीतले आहेत. १९७२ चा दुष्काळ. मग १९९० च्या दशकात एकेक गिरणी बंद पडत गेली आणि भोंग्यावर चालणारी घरं गप्प झाली. त्या काळात महिला मंडळाच्या बायका घरोघरी जाऊन प्रार्थना घेत आणि उठताना पदराआडून पिठाची पिशवी ठेवून जात. त्याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही.

२०२० मध्ये २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला. त्याआधीच्या शुक्रवारी बारा ते तीन सप्तवचनं, म्हणजे ख्रिस्ताची क्रुसावरची सात वचनं, आम्ही मोबाईलवर ऐकली. पाळकसाहेब रिकाम्या चर्चमध्ये एकटे बोलत होते, मागे पंख्याचा आवाज येत होता. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे चौथं वचन आलं तेव्हा ते मध्येच थांबले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. नेट गेलं असं वाटून आईनं फोन हलवून पाहिला.

आमच्या घरी एक जुनं बायबल आहे, काळ्या पुठ्ठ्याचं, पाठीला कापड चिकटवलेलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म आणि मृत्यू लिहिलेले आहेत. १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाची मोठी लाट आली तेव्हा, आठ दिवसांत तीन नावं. अक्षर एकाच हाताचं. पहिलं नाव ठसठशीत, तिसरं वाकडंतिकडं. त्या वर्षी पाऊसही नव्हता. तिसऱ्या नावाखाली काही महिन्यांनी वेगळ्या शाईनं फक्त ‘स्तोत्र १२६’ असं लिहिलेलं आहे. अश्रू गाळत पेरणी करणारे आनंदानं कापणी करतील, असं ते स्तोत्र. दुष्काळात पेरायला बियाणं काढायचं म्हणजे पोरांच्या तोंडचे दाणे मातीत टाकायचे, म्हणून तिथे अश्रू आहेत, हे मला आजीनं समजावलं होतं.

२०२१ च्या मे महिन्यात माझे वडील गेले. दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. घरी आल्यावर आईनं ते बायबल काढून माझ्यापुढे ठेवलं. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली. त्याखाली काही लिहवेना, तसंच मिटून ठेवलं. पुढच्या वर्षी ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरीवर गेलो, उजाडेपर्यंत मंडळीबरोबर गाणी म्हटली. घरी परतल्यावर आईनं चहा टाकला आणि मी पेन शोधलं.