ऊतींच्या डायइलेक्ट्रिक गुणधर्मांचे सूक्ष्मतरंग मापन

स्नायू, चरबी, यकृत यांसारख्या ऊती सूक्ष्मतरंगांच्या विद्युत क्षेत्रातली किती ऊर्जा साठवतात आणि किती उष्णतेत घालवतात, हे मोजण्याची पद्धत. साठवणीचे माप म्हणजे सापेक्ष पर्मिटिव्हिटी. व्ययाचे माप वाहकतेवरून कळते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेला स्नायूची पर्मिटिव्हिटी सुमारे ५३ भरते, चरबीची जेमतेम ५. ही तफावत मुख्यतः पाण्याची आहे. स्नायूत ते भरपूर, चरबीत नाममात्र.

सर्वाधिक वापर होतो तो उघड्या टोकाच्या समाक्ष (मधे तार, भोवती धातूचे कवच अशा रचनेच्या) प्रोबचा. समाक्ष केबल सपाट कापून तिचे टोक ऊतीला टेकवायचे, एवढीच कल्पना. व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर तरंग पाठवतो, परत आलेल्या तरंगाचा आयाम (उंची) व कला (फेज, म्हणजे तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) नोंदवतो आणि त्यांवरून गुणधर्म काढले जातात. त्याआधी कॅलिब्रेशन होते: टोक हवेत मोकळे ठेवून, मग धातूने शॉर्ट करून आणि शेवटी तापमान मोजलेल्या शुद्ध पाण्यात बुडवून. यानंतर केबल जराशी वाकली तरी कला बदलते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

खरी कसोटी नमुन्याची. टोकाखाली हवेचा बुडबुडा अडकला तर पर्मिटिव्हिटी कमी दिसते. तो घालवायला जोरात दाबावे, तर ऊतीतला द्रव बाजूला सरकतो. कापलेल्या यकृताचा पृष्ठभाग उघड्यावर सुकू लागतो, म्हणजे आपण मोजत असतानाच मोजायची वस्तू बदलत असते. शिवाय प्रोबला फक्त टोकालगतचे काही मिलिमीटरच दिसतात.

कॅमेलिया गेब्रियल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली १० हर्ट्झ ते २० गिगाहर्ट्झ या पट्ट्यातली मापने व त्यांना बसणारी कोल-कोल समीकरणे, म्हणजे वारंवारतेनुसार हे गुणधर्म कसे बदलतात ते सांगणारी सूत्रे, प्रसिद्ध केली. मोबाइलच्या लहरी डोक्यात किती शोषल्या जातात, याची संगणकीय गणिते आजही बहुधा याच आकड्यांवर चालतात.

स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र आधीची आशा फोल ठरली. गाठ आणि निरोगी ऊती यांत मोठा फरक असेल, असे गृहीत धरून सूक्ष्मतरंग प्रतिमांकनाचे बेत आखले गेले होते. विस्कॉन्सिन आणि कॅल्गरी विद्यापीठांच्या २००७ मधील संयुक्त अभ्यासात चरबीच्या तुलनेत गाठ ठळक दिसली. पण ग्रंथिल (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या) ऊतीशी तुलना करताना फरक सुमारे १० टक्क्यांवर आला. या अभ्यासात प्रोबखालच्या नमुन्यात चरबी किती, ग्रंथी किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते.