नोव्हेल्लारा : चीजचं गाव आणि पहाटेची धार

पार्मेसान चीज म्हणजे अस्सल इटालियन, पण उत्तर इटलीतल्या नोव्हेल्लारा भागात पहाटे एखाद्या गोठ्यात गेलात तर कानावर पंजाबी पडायची शक्यता बरीच आहे, आणि हे कसं झालं हे कळायला जरा मागे जावं लागतं.

रेज्जो एमिलिया जिल्ह्यातलं, पो नदीच्या सपाट खोऱ्यातलं हे गाव, वस्ती साधारण 13 हजार. 1371 मध्ये ते गोन्झागा घराण्याच्या एका शाखेकडे आलं ते 1728 पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, त्यांची गढी अजून गावात उभी आहे आणि चौकाला कमानींच्या ओवऱ्या आहेत. आजूबाजूला मात्र दलदल, 16व्या शतकात चर खणून पाणी काढायची मोठी कामं झाली तेव्हा कुठे जमीन हाताला लागली. आज तिथे कलिंगडं, लाम्ब्रुस्को वाइनची द्राक्षं आणि गायींसाठी लसूणघास.

खरा कारभार दुधाचाच, आणि त्या दुधाचं पार्मेसान. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट टाकीत ठेवतात, वरची साय काढून घेतात, सकाळी त्यात ताजं दूध मिसळून तांब्याच्या कढईत घालतात. चीजच्या एका चाकाला, म्हणजे चाकासारख्या गोल लादीला, साधारण 550 लिटर दूध लागतं, चाक भरतं 40 किलोच्या आसपास, आणि निदान 12 महिने मुरायलाच हवं. गायींना मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला चारा, द्यायचा नाही, हाही नियम. आणि धार दिवसातून दोनदा, मग नाताळ असो नाहीतर घरात लग्न.

इथेच गाडं अडलं. गावची पोरं कारखान्यात, ऑफिसात गेली, पहाटे उठून गोठ्यात कोण जाणार? 1980 च्या दशकापासून पंजाबातली माणसं यायला लागली, जनावरांची सवय घरचीच, शिवाय गोठ्याशेजारी राहायला घर मिळायचं म्हणून पुढे बायकापोरांना आणणंही जमलं. 2000 मध्ये इथे मोठा गुरुद्वारा झाला, उद्घाटनाला रोमानो प्रोदी, तेव्हाचे युरोपियन कमिशनचे अध्यक्ष आणि याच जिल्ह्यातले.

शीख नसते तर हे चीजच बंद पडलं असतं असं सर्रास म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं, कारण कढईत हात घालून दही कितपत जमलंय ते ओळखायची 'काझारो'ची, म्हणजे चीज बनवणाऱ्या कारागिराची, कला ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. पण त्या कढईत पडणारं दूध पहाटेच्या थंडीत ज्यांनी काढलं त्यांचं नावही चीजसोबत घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं. वैशाखीला तिथे नगरकीर्तन, म्हणजे शिखांची भजनं गात जाणारी मिरवणूक, निघतं, रस्त्यावर सगळ्यांना जेवण वाटतात, गावकरीही येतात.